भूत खरं होतं की नाही, हे शेवटी सांगायलाच हवं होतं का?

उंबरठा

परवा रात्री कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली एक हॉरर कादंबरी एका बैठकीत संपवली आणि शेवटची वीस पानं वाचून इतकी चिडले की झोपच लागेना. मुद्दा मांडायचा तर शेवट फोडावा लागतो, म्हणून कादंबरीचं नाव देत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. सोळा वर्षांची मुलगी. तिचा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ तळ्यात बुडून गेलाय. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दोघांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा आहेत, शेजारी तारखा. भाऊ गेल्यावर तीन महिन्यांनी तिला त्याच्या बाजूला एक नवी रेघ दिसते. बोटभर वर. तारीख कालची. मग दर आठवड्याला एक. गेलेला भाऊ वाढतोय! रेघ तिच्या खांद्याला येते, मग कपाळाला, मग वडिलांच्या डोक्याच्याही वर जाते. एका रात्री ती चौकटीला पाठ टेकून उभी राहते, माप घ्यायला डोक्यावर हात आडवा धरते, आणि हाताच्या पाठीला वरून कुणाचा तरी श्वास लागतो. ते पान मी तीनदा वाचलं.

आणि शेवट काय? समुपदेशक बाई येतात आणि सांगतात की रेघा तूच झोपेत मारत होतीस. मुलगी रडते, आई जवळ घेते, चौकट रंगवून टाकतात. संपलं.

ही मला फसवणूक वाटते. ‘काही नव्हतं गं, तुझ्या मनाचे खेळ’ हे वाक्य या वयाच्या मुलांना घरीदारी ऐकावंच लागतं. भयकथा वाचताना तरी त्यांच्या डोळ्यांवर कुणी विश्वास ठेवतं. अडीचशे पानं ठेवलेला तो विश्वास लेखिकेनं वीस पानांत काढून घेतला.

खडूफळा

मला अजिबात पटलं नाही. मी चौदा ते सोळा वयाच्या मुलांना शिकवते आणि ही कादंबरी वाचलीय. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील गेले, त्यानंतर कितीतरी दिवस तिला संध्याकाळी दारात किल्ली फिरल्याचा आवाज यायचा. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला वेड लागतंय असंच ती धरून चालली होती. जवळचं माणूस गेलं की त्याची चाहूल लागणं, आवाज ऐकू येणं हे कितीतरी जणांना होतं आणि ते वेड नाही, एवढं तिला कळलं तेव्हा ती वर्गातल्या बाकावर डोकं टेकून अर्धा तास नुसती बसून राहिली. तो चेहरा बघितल्यापासून ‘भूत खरंच ठेवा’ असं मला म्हणवत नाही.

भीती द्यावी, पण वय बघून द्यावी. रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या आणि मुलांच्या नाटकात चेटकीणही आणली. दोन्हीकडे भीती आहे, पण माप वेगळं आहे.

उंबरठा

तुमच्या विद्यार्थिनीचं वाचून गलबललं. पण बाई, तिला कुणी ‘किल्ली तूच झोपेत फिरवत होतीस’ असं सांगितलं नाही ना? तिला सांगितलं की तुला आवाज येतो, हे असं होतं. कादंबरीतल्या समुपदेशकानं एवढंच म्हटलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. त्या तर थेट निकाल देऊन मोकळ्या होतात.

शिवाय मापाचं बघा. मुलगी ५ फूट २ इंच, हे पहिल्याच प्रकरणात सांगितलंय. शेवटची रेघ चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीला टेकलेली. तिचा हात तिथवर पोचला कसा?

पोथीनिष्ठ

खुर्ची. नववं प्रकरण पुन्हा काढा. सकाळी तिला फरशीवर खुर्चीच्या पायांचे दोन ओरखडे दिसतात, ती ते पायानं पुसायला बघते आणि विसरून जाते. लेखिकेनं शेवट ऐनवेळी चिकटवलेला नाही, तयारी आधीपासून आहे. त्यामुळे ‘फसवणूक’ हा शब्द मागे घ्यावा, अशी विनंती.

शेवट मलाही कच्चा वाटतो, पण कारण निराळं आहे. हे भांडण दोनशे वर्षांहून जुनं आहे. इंग्रज लेखिका अ‍ॅन रॅडक्लिफच्या १७९४ च्या कादंबरीत काळ्या पडद्यामागं काहीतरी भयंकर दिसून नायिका बेशुद्ध पडते, आणि ते काय होतं हे वाचकाला शेकडो पानांनंतर कळतं. मेणाचा पुतळा! सगळ्या भुताखेतांचा असा खुलासा करण्याच्या तिच्या पद्धतीवर कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनंही टीका केली होती. पुढं १८९८ मध्ये हेन्री जेम्सनं एका शिक्षिकेची आणि दोन मुलांची भूतकथा लिहिली आणि भुतं खरी की तिच्या मनातली, हे सांगितलंच नाही. वाचक अजून वाद घालताहेत. समीक्षक तोदोरोव्हनं १९७० मध्ये अशा अद्भुत कथांच्या साहित्यप्रकाराचा गाभाच हा ठरवला: वाचकाची द्विधा. एका बाजूचा निकाल दिला की तो प्रकार तिथं संपतो.

खुर्चीचे ओरखडे आणि हातावरचा श्वास, दोन्ही पुस्तकात आहेत. दोन्ही तसेच ठेवून बाजूला व्हायचं होतं.

उंबरठा

खुर्ची माझ्याकडून निसटली. आत्ता पाहिलं, ओरखडे आहेत. ‘फसवणूक’ मागे घेते. पण श्वासाचं काय? त्याचा खुलासा समुपदेशक बाई करत नाहीत, कारण मुलगी त्यांना ते सांगतच नाही.

अकरावी अ

मी सतरा वर्षांची आहे. तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांच्यातली एक.

उंबरठा ताई, मुलगी श्वासाचं सांगत नाही हे तुम्ही ओझरतं लिहिलंत, मला तर तीच सगळी गोष्ट वाटली. रेघांचं ती सांगते, झोपेत चालल्याचं कबूल करते, रडते. मोठ्यांना हवं ते सगळं देते. श्वास स्वतःजवळ ठेवते. मलाही असंच करावं लागतं, म्हणून मला तो शेवट खोटा वाटला नाही.

आणि चौकट रंगवली म्हणजे रेघा गेल्या असं कुणी सांगितलं? शेवटच्या पानावर ती ओल्या रंगावरून बोट फिरवते तेव्हा खाचा लागतात. भाऊ पेन्सिल दाबून लिहायचा, हे आधी आलंय. तारखांमधला चारचा आकडाही त्याच्यासारखाच उलटा आहे. (बहिणीला त्याची सवय माहीत असणार, त्यामुळे यानं काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं.)

मला सगळ्यात जास्त भीती श्वासाची वाटली नाही. आई स्वयंपाकघरात जायला रोज अंगणातून वळसा घालून मागच्या दारानं जाते, पावसातसुद्धा, ते वाचून पोटात गोळा आला.

खडूफळा

फार छान वाचलंयस तू. तरी एका प्रकरणाबद्दल इथं कुणीच बोललं नाही. रेघ चौकटीच्या वर पोचते, आता घरात माप मावत नाही, म्हणून मुलगी टेप घेऊन रात्री तळ्यावर जाते. गुडघाभर पाण्यात उभी राहते. तो बोलावतोय असं तिला वाटतं आणि तिथली भाषा इतकी सुंदर आहे की वाचणाऱ्यालाही पुढं पाऊल टाकावंसं वाटतं. हे पुस्तक कुणाच्या हातात पडेल ते लेखिकेला ठाऊक नसतं. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय तिथल्या मुलीच्याही हातात ते असेल. पाण्यातून बोलावणारा भाऊ ‘असेलही’ म्हणून सोडून द्यायचा? मला तिथं द्विधा नको. तिथं कुणीतरी दंड धरून बाहेर ओढायला हवं, आणि समुपदेशक बाई तेच करतात.

उंबरठा

या प्रकरणाबद्दल मी मुळात लिहिलंच नाही, हे आत्ता टोचलं. मी ते भराभर वाचून पुढं गेले होते, कारण मला रेघांचं रहस्य हवं होतं. तळ्याबाबत तुमचं म्हणणं मान्य. तिथं हात धरायलाच हवा.

पण हात धरणं वेगळं आणि भाऊ नव्हताच असं सांगणं वेगळं. ‘तो असला तरी तू जायचं नाहीस’ असंही म्हणता येतं, आणि ते जास्त धीर देणारं आहे.

अकरावी अ म्हणाली म्हणून शेवटचं प्रकरण आत्ता पुन्हा वाचलं. एक गोष्ट सापडली. वडील बाहेरगावी आहेत. मुलगी खालची बाजू रंगवते, शिडी धरून उभी राहते. वरची पट्टी आई रंगवते. म्हणजे अकरा महिने त्या चौकटीकडे न बघितलेली बाई शिडीवर चढून त्या सगळ्यात वरच्या रेघेसमोर गेलीय. लेखिकेनं लिहिलंय, ‘आईचा ब्रश थोडा थांबला.’ त्यापुढं काही नाही. तिनं रेघ पाहिली. बहुतेक आकडाही पाहिला.

खडूफळा

पाहिलाच असणार. आणि पाहूनही तिनं वरून रंग दिला, कारण खाली शिडी धरून तिचं दुसरं मूल उभं होतं.