मदत हवी आहे: पीडी-१चा ब्रेक नेमका कुठे लागतो?

नाशिकला एमएस्सी मायक्रोला शिकवते. टी पेशींवरच्या (या रोगप्रतिकारक पेशी) ब्रेकांत, म्हणजे त्यांना थोपवणाऱ्या रेणूंत, सीटीएलए-४ सोपं गेलं: टी पेशीला चेतवणारा सीडी२८ समोरच्या पेशीवरच्या ज्या बी७ रेणूंना धरतो, त्यांनाच हा जास्त घट्ट धरतो, जागाच अडवतो. दुसरा ब्रेक पीडी-१, त्याच्यापाशी गाडी अडली. त्याच्या शेपटीतल्या टायरोसिनवर फॉस्फेट बसतं, तिथे एसएचपी-२ हे एन्झाइम येऊन शेजारचे फॉस्फेट काढतं, इथवर फळ्यावर काढलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, ते फॉस्फेट बसवणारं एलसीके तर पेशी चेतवणारंच ना?" (पोरगी हुशार आहे.) पुस्तकात हे एका बाणात उरकलंय. या ब्रेकांच्या शोधाचं २०१८चं नोबेल, कॅन्सरची औषधं सांगून झालीत, ती नकोत. गुरुवारी तास आहे, प्रोजेक्टर बंद. एकच एलसीके गाडी पळवतं आणि ब्रेकही लावतं, हे नुसत्या खडूने कसं समजावाल? आणि एसएचपी-२चा मुख्य घाव टीसीआरवर (टी पेशीच्या अँटिजेन ओळखणाऱ्या रिसेप्टरवर) दाखवू की सीडी२८वर?