डायमंड कट अलॉय चाकांवरचे तपकिरी ठिपके कशानं काढायचे?

एमएच०९_रविवारवाला
नमस्कार मंडळी. हॅचबॅक आहे, तीन वर्षांची. दर रविवारी आईला घेऊन जोतिबा, जमलं तर येताना पन्हाळा. आठवड्यात पुढची दोन्ही चाकं काळीकुट्ट, मागची मात्र बरी. शाम्पूनं काळं निघतं, पण स्पोकच्या आतल्या कोपऱ्यात तपकिरी ठिपके राहतात. नख फिरवलं तर खरखरीत लागतात.

गेल्या महिन्यात एका वॉशिंग सेंटरवर पोरानं कसल्यातरी कॅनमधलं पाणी मारलं. नाकात झिणझिण्या आल्या, पण चाक दोन मिनिटांत चकाचक. मी खूश होऊन वर वीस रुपये दिले. घरी येऊन बघतोय तर डाव्या चाकावर पांढुरके ओघळ, पुसून जाईनात. आता दुकानात 'ॲसिड फ्री', 'पीएच न्यूट्रल', 'जांभळा होणारा' अशा बाटल्या आहेत. कुठली घेऊ? धाकटा भाऊ म्हणतोय, बाथरूमचं ॲसिड पातळ करून मार, स्वस्तात काम.

उद्यमनगर_फौंड्री
आधी भावाला आवरा. आमच्या हाताखालून रोज ॲल्युमिनियमचं कास्टिंग जातं. ह्या धातूला ॲसिडपण खातं आणि कॉस्टिकपण, म्हणजे कडक अल्कली. त्यामुळं 'ॲसिड फ्री' वाचून हुरळू नका, आत कडक अल्कली असली तर तीही तितकीच वाईट. डायमंड कट म्हणजे लेथवर कापलेला उघडा धातू, वर नुसता लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशसारखा थर. खडी लागून लॅकर उडाला की तिथून ॲसिड नाहीतर अल्कली आत शिरतं आणि पांढऱ्या अळीसारख्या रेघा पसरत जातात.

तुमचे ठिपके म्हणजे लोखंडच. ब्रेकची डिस्क बीडाची. तिचा आणि पॅडचा तापलेला कीस लॅकरवर चिकटतो आणि तिथंच गंजतो. ब्रेक मारला की भार पुढं येतो, म्हणून पुढची चाकं जास्त काळी. मागं डिस्कऐवजी बंद ड्रम ब्रेक असतील तर तिथली धूळ आतच राहते.

गगनबावडा_लाल_चिखल
जांभळा होणारा घ्या, म्हणजे आयर्न रिमूव्हर. बाटलीवर पीएच न्यूट्रल, म्हणजे ॲसिडपण नाही आणि अल्कलीपण नाही, असं लिहिलेलं बघूनच. लोखंडाशी गाठ पडली की तो जांभळा होतो. वास कुजक्या अंड्याचा येतो, नाकाला रुमाल बांधा.

घाटातून उतरल्या उतरल्या मारू नका. चाकाला हात लावून बघा, गार लागलं तरच. सावलीत, एकेक चाक. आधी पाणी आणि शाम्पूनं चिखल काढा, नाहीतर औषध चिखलातच जिरतं. मग फवारा, बाटलीवर लिहिलंय तेवढंच थांबा, वाळू द्यायचं नाही, मऊ ब्रशनं कोपरे घासा आणि भरपूर पाणी. चाकाची बादली आणि फडकं वेगळं ठेवा. माझ्या बॉनेटवरच्या गोल चऱ्या ह्याच आळसाच्या आहेत.

उद्यमनगर_फौंड्री
एक राहिलं. लेबलवर हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा बायफ्लोराइड दिसलं तर बाटली ठेवून या. कातडीला लागलं तर कधीकधी लगेच कळतपण नाही, काही तासांनी आतून ठणका सुरू होतो. त्या वॉशिंगवाल्या पोराच्या हातात मोजे होते का हो?

एमएच०९_रविवारवाला
नव्हते. पायात स्लीपर होत्या. हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

राजारामपुरी_पॉलिश
दादा, ओघळांवर पाणी टाकून बघा. ओलं असताना दिसेनासे झाले आणि वाळल्यावर परत आले, तर बहुतेक लॅकर वरवर भाजलाय, हलक्या पॉलिशनं बरंच सुधारेल. नखाला खड्डा लागत असेल तर कुठल्याही बाटलीनं जाणार नाही, चाक परत लेथवर घेऊन लॅकर मारावा लागेल. आणि पन्हाळ्यावरून उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये या की. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर कीस पडणारच.

एमएच०९_रविवारवाला
काल संध्याकाळी केलं. न्यूट्रलवाला आणला, आधी चाकाच्या आतल्या बाजूला थोडा मारून बघितला. मिनिटभर काहीच नाही. मग एकेका ठिपक्यातून जांभळी धार सुटली, फरशीवर ओघळ. आई तुळशीला पाणी घालत होती. म्हणाली, "चाकालापण जोतिबाचा गुलाल लावलास व्हय रे?"

दुसऱ्या हाताला नव्वद टक्के ठिपके गेले. व्हॉल्व्हजवळचे दोन-तीन चिकटून आहेत, ते पुढच्या रविवारी. पांढरे ओघळ ओले केल्यावर दिसेनासे होतात, नखाला काही लागत नाही. पॉलिशवाले दादा, राजारामपुरीत कुठल्या गल्लीत?