रोवणी ते तान्हा पोळा, दोन महिने पावसात: कॅमेऱ्यासाठी लहान आणि पाण्याला टिकणारी बॅग कोणती?

बांधीवरचा (अर्जुनी मोरगाव)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी बॅगेनं दगा दिला, यंदा तसं व्हायला नको म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. घरची धानाची शेती आणि लग्नसराईत फोटोग्राफी. यंदा घरची रोवणी, म्हणजे धानाची लावणी, मोठा भाऊ सांभाळतो म्हणाला. तेव्हा मी निघणार. वडसा, आरमोरी, मार्कंडा, आलापल्ली, वाट चालू असली तर भामरागड. तिथून चंद्रपूर, वर्धा, अमरावती करत सेमाडोह-चिखलदरा, आणि तान्ह्या पोळ्याला नागपूर. रोवणीच्या बाया, तळ्यावर मासे धरणारे ढिवर, पुराच्या पाण्यात उभी असलेली गावं, हे सगळं मला एकदा नीट टिपायचं आहे. लग्नाचे फोटो काढून पोट भरतं, पण हे काम माझं स्वतःचं आहे.

प्रवास एसटीनं, मधेमधे मित्राच्या मोटरसायकलवर. मुक्काम नातेवाइकांकडे, नाहीतर ओळखीच्या कुणाकडे. सामान कमीच: निकॉन डी५६०० कॅमेरा, १८-५५ आणि ७०-३०० या दोन लेन्स, तीन बॅटऱ्या, चार्जर. बॅटरी-कार्डासकट कॅमेरा ४६५ ग्रॅम, लहान लेन्स २०५, मोठी ४१५. हे तिन्ही मिळून अकराशे ग्रॅमच्या आत.

गेल्या वर्षीचं सांगतो. इटियाडोह धरणावरून परत येताना पाऊस लागला. बॅग पाठीवर, तिच्यावर तिच्यासोबतच मिळालेलं पावसाचं आवरण. चाळीस मिनिटं गाडी चालवली, मनात अजिबात धास्ती नव्हती. घरी येऊन आवरण काढलं तर तळाशी वाटीभर पाणी, आणि बॅग त्यातच बसलेली. खालचा फोम पिळला तर पाणी गळत होतं. लहान लेन्सच्या आतल्या काचेवर धुकं धरलं, ते आठ दिवस हललं नाही. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, कॅमेरा उसना आणावा लागला. बॅगेवर मोठ्या अक्षरात ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं होतं.

आता बॅग अशी हवी की एसटीत मांडीवर मावेल. वरच्या कॅरियरवर मी ठेवत नाही, खिडकीचं पाणी आणि लोकांचं सामान दोन्हीची भीती वाटते. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालताना पाय घसरतो, तेव्हा दोन्ही हात मोकळे पाहिजेत. सहा हजारांपर्यंत खर्च करीन. पाठीवरची लहान घ्यावी की खांद्यावरून आडवी घालायची? आणि वॉटरप्रूफ म्हणतात त्यावर कितपत विसंबायचं?

लगनवाला (दर्यापूर)

भाऊ, बॅग कोनतीबी घे, आतून प्लास्टिकची जाड पन्नी पायजेच. पन खताच्या पोत्यातली पन्नी वापरू नोको. मी वापरली व्हती. कितीबी धुतली तरी तिच्यात खार राह्यतो. माह्या लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्याले पांढरे डाग पडले, ते निंगालेच नाई. नव्या गादीवर जाड पन्नी येते ना, ते घे. गादीवाला फुकट देते.

दुसरं, काळी बॅग घेऊ नोको. तू आता पावसात चालला, पन बॅग तर उन्हाळ्यातबी वापरशीन. वैशाखात मांडवाबाहेर काळी बॅग दहा मिन्टं उन्हात राह्यली का हात लावू देत नाई. राखाडी नाईतर मातकट रंगाची पाह्य.

आन चैनीत माती गेली का कोरड्या ब्रशानं झाडत जाय. आमच्याकडची काळी माती एकदा ओली होऊन चैनीत वाळली, का चैन गेलीच समज.

सारस मोजणारी (गोंदिया)

दादा, तुमच्या बॅगेचं काय झालं ते माझ्या ओळखीचं आहे. आमच्याकडे दर जूनमध्ये सारस मोजतात, त्या गणनेला मी जाते. पहाटे सूर्य उगवायच्या आधी बांधीच्या कडेला जाऊन बसायचं. दोन बॅगा भिजवल्यावर काही गोष्टी कळल्या, त्या लिहिते.

बॅगेचं कापड सहसा गळत नाही. नायलॉन किंवा पॉलिस्टरवर वरून पाणी घरंगळून जाणारा लेप असतो, आतून पॉलियुरेथेनचा थर असतो. पाणी आत येतं ते शिवणीतून, कारण सुईनं थराला भोकं पडलेली असतात. मग चेनमधून, आणि मूठ शिवलेली असते त्या जागेतून. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे शिंतोडे सोसेल एवढंच. खरा भरवसा आयपीएक्स आकड्याचा, वस्तू किती पाणी सोसते ते तो सांगतो: आयपीएक्स४ म्हणजे कुठल्याही बाजूनं उडालेलं पाणी सोसतं, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कॅमेऱ्याच्या बॅगांवर हा आकडा बहुधा नसतोच. मग वॉटरप्रूफ हा शब्द बघून पैसे देऊ नका.

पावसाचं आवरण वाईट नाही. लोप्रो कंपनीच्या ज्या बॅगांच्या नावापुढे एडब्ल्यू असतं, म्हणजे ऑल वेदर, त्यांना ते जोडूनच येतं. पीक डिझाइन कंपनीची सहा लिटरची स्लिंग, म्हणजे खांद्यावरून आडवी घालायची बॅग, चांगली, कापड आणि चेन पाण्याला बऱ्यापैकी टिकते, पण आवरण सोबत येत नाही आणि ती तुमच्या रकमेत बसणार नाही. आवरणाची खोड ही की पाठीकडची बाजू उघडी राहते. पाठीवरून ओघळलेलं पाणी तिथून आत शिरतं आणि तळाशी साचतं. तुमची वाटी अशीच भरली. दाभण तापवून आवरणाच्या सगळ्यात खालच्या जागी एक भोक पाडा. गरम दाभणानं कडा वितळून बसतात, कापड उसवत नाही.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. बॅग लहान घ्यायची ती रेनकोटच्या आत मावावी म्हणून. आडवी घालायची स्लिंग छातीवर ओढून घ्या आणि वरून रेनकोट घाला. मोटरसायकलवर, धुऱ्यावर, एसटीच्या रांगेत, सगळीकडे तुमचा रेनकोटच तिचं छप्पर होतो. पाठीवरची बॅग आत घेतली तर रेनकोट फुगतो, बटणं लागत नाहीत, गळ्याजवळून पाणी येतं. स्लिंगला कमरेचा दुसरा पट्टा असलेली बघा, नाहीतर वाकलात की ती पुढे झोके घेते.

माप घरी काढून मगच दुकानात जा. तुमचा कॅमेरा १२४ मिलिमीटर रुंद. लहान लेन्स लावून, लेन्स खाली करून उभा ठेवला तर उंची १४ सेंटिमीटरच्या आसपास होते. शेजारी ७०-३०० उभी राहील, ती १२५ मिलिमीटर लांब आणि ७२ जाड. लेन्सच्या तोंडावरचा हूड उलटा फिरवून लावायचा. मधला पडदा धरून आतून २२ सेंटिमीटर लांब, ११ रुंद, १६ उंच एवढं पुष्कळ झालं. हे चार लिटरसुद्धा होत नाही. चार्जर-बॅटऱ्या धरून ५-६ लिटरची बॅग घ्या. दुकानदार दहा लिटरची गळ्यात मारेल, ती घेऊ नका. जागा उरली की आपण त्यात ओला दुपट्टा कोंबतोच.

आणि घेतल्यावर लगेच परीक्षा घ्या. बॅग रद्दीच्या वर्तमानपत्रांनी गच्च भरा, चेन लावा आणि विहिरीच्या मोटारीच्या पाइपाखाली दहा मिनिटं धरा. उघडून कागद एकेक करून बाहेर काढा. कुठला कोपरा ओला झाला त्यावरून बॅग कुठे गळते ते कळतं. हे परतीची मुदत संपायच्या आत करायचं, आणि दुकानदाराला आधी सांगून.

जुना कारागीर (अमरावती)

कॅमेरे उघडून दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. ताईंनी बाहेरच्या पाण्याचं सांगितलं, मी आतल्या दमटपणाचं सांगतो. लेन्स त्यानंच मरतात.

हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात. बॅग जितकी पाणबंद तितकी आतली ओल बाहेर जात नाही. म्हणून मुक्कामाला पोचलात की सगळ्यात आधी बॅग पूर्ण उघडा, आतले पडदे काढून वेगळे ठेवा, कॅमेरा कोरड्या कापडावर बाहेर काढा. फोम पंख्याखाली वाळू द्या. चुलीजवळ ठेवू नका, धूर आणि तेलकट वाफ काचेवर बसते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट होते, लोकांच्या ती ध्यानातच येत नाही. उन्हाळाभर कूलर चालतो आणि कॅमेऱ्याची बॅग त्याच खोलीत कोपऱ्यात पडलेली असते. विदर्भाचा उन्हाळा कोरडा खरा, पण कूलरची खोली ओली. माझ्याकडे बुरशीच्या लेन्स पावसाळ्यानंतर येतात तशा जूनमध्येही येतात. तुमच्या लेन्स निघण्याआधी टॉर्चच्या उजेडात तिरप्या धरून बघा.

सिलिका जेल नारिंगी घ्या. ओल शोषून ती हिरवी होते. मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर परता, पुन्हा नारिंगी झाली की वापरायला तयार. निळी मिळते तिच्यात कोबाल्टचं क्षार असतं. तव्यावर, स्वयंपाकघरात ती नकोच. डांबराच्या गोळ्या बॅगेत अजिबात टाकू नका, त्यांची वाफ काचेवर थर धरते. आणि तुम्ही धानाच्या मुलखातले, कोणीतरी सांगेलच की भिजलेला कॅमेरा तांदळात पुरून ठेव. तसं करू नका. तांदळाची पूड बटणांच्या फटीत जाते, ती काढताना आम्हाला घाम फुटतो. कॅमेरा भिजला तर बॅटरी आणि कार्ड लगेच काढा, झाकणं उघडी ठेवा, आणि सुरू करून बघायचा मोह टाळा. पुष्कळ कॅमेरे त्या एका बटणानं गेलेले मी पाहिलेत.

नदीपलीकडचा गुरुजी (गडचिरोली)

भामरागडला येताय तर मुक्कामाचे दिवस मोजून ठरवू नका. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि आलापल्लीचा रस्ता बंद होतो. दोन दिवस, चार दिवस, सांगता येत नाही. वीजही जाते. बॅटऱ्या तीनऐवजी पाच ठेवा, प्रत्येकीला तिचं टोपण, आणि त्या वेगळ्या लहान पिशवीत.

दुसरी गोष्ट कळकळीनं सांगतो. डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, बसायची वेळ आली तर बॅगेचा पट्टा आणि कमरपट्टा दोन्ही सोडून बसा. कॅमेरा गुंडाळून बंद करायच्या पिशवीत टाका, म्हणजे ज्या पिशवीचं तोंड तीन घड्या घालून बंद करतात त्या. घड्या घालताना आत थोडी हवा राहू द्या. डोंगा कलंडलाच तर पिशवी तरंगते आणि तुमचे हात पोहायला मोकळे राहतात. छातीवर घट्ट बांधलेली बॅग पाण्यात माणसाला सोडत नाही. आणि नावाडी नको म्हणाला की नको. फोटोसाठी त्याला गळ घालू नका.

मार्कंड्याला जाल तेव्हा सकाळी जा. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, आणि पाऊस उघडला की देवळांच्या ओल्या दगडावर तिरपं ऊन येतं.

बांधीवरचा (अर्जुनी मोरगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा नागपूरला गेलो, सीताबर्डीवर चार दुकानं पालथी घातली. खिशात टेप होताच. सहा लिटरची राखाडी स्लिंग मिळाली, कमरेच्या पट्ट्याची, चेनवर कापडाची झडप असलेली. दुकानदाराला परीक्षेचं आधीच सांगितलं. त्यानं आठ दिवसांत परत घेईन असं पावतीवर लिहून दिलं. दोन हजार आठशे पडले. उरलेल्या पैशांतून पाच लिटरची घड्या घालायची पिशवी, नारिंगी सिलिका आणि दोन बॅटऱ्या आल्या.

घरी विहिरीच्या मोटारीखाली धरली. बायको घड्याळ घेऊन उभी. दहा मिनिटांनी कागद काढले तर मधले सगळे कोरडे, पण वरच्या मुठीखालचे दोन कागद ओले. ताई म्हणाल्या तसंच, मूठ शिवली आहे तिथेच. बॅग परत करावी असं वाटलं होतं, पण बाकी मनासारखी आहे म्हणून ठेवून घेतली. शिवणीवर आतून सीम सीलर, म्हणजे शिवणीची भोकं बुजवायचं द्रावण, लावून एक दिवस वाळू दिला आणि पुन्हा धरली. यावेळी एका कागदावर रुपयाएवढा डाग आला. त्याच्याखाली घड्यांची पिशवी असणारच आहे.

रेनकोट घालून, बॅग छातीवर घेऊन धुऱ्यावरून चालून पाहिलं. बटणं लागतात. वाकलो तरी बॅग जागची हलत नाही. फक्त पट्टा मानेला काचतो, तिथे आईनं जुन्या सुती लुगड्याची दुहेरी पट्टी शिवून दिली.

कारागीर काका, टॉर्च लावून पाहिलं. ७०-३०० स्वच्छ आहे. १८-५५ च्या कडेला एक बारीक तंतू दिसतो, कापसाच्या धाग्यासारखा. अमरावतीला पोचायला मला पाच आठवडे तरी लागतील. तोवर ही लेन्स त्याच बॅगेत दुसरीसोबत ठेवू का, की वेगळी?

जुना कारागीर (अमरावती)

वेगळी. तिच्या पिशवीत तिची स्वतंत्र सिलिका टाका. आणि पाच आठवडे थांबू नका, नागपुरात नाहीतर चंद्रपुरात कोणाकडून तरी आधी साफ करून घ्या. आता कडेला आहे तोवर निघते. काचेवरच्या लेपात उतरली की डाग राहतो.

बांधीवरचा (अर्जुनी मोरगाव)

ठीक आहे काका. मग वडसामार्गेच निघतो सोमवारी, पण ती लेन्स भाऊ शनिवारी नागपूरला नेऊन टाकेल. साफ झाली की एसटीनं चंद्रपूरला पाठवेल. तोवर ७०-३०० वरच काम चालवतो.