वानराचा 'हुप्प' आणि 'खॅक': दोन्हीला एकच शब्द कसा?

अनुवादक: वनरक्षकांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. त्यात वानराचे दोन आवाज वेगळे सांगितलेत: पहाटेचा घुमणारा आणि बिबट्या दिसल्यावरचा कोरडा. आधीच्या मसुद्यात दोन्हीला 'भुभुःकार' लिहिलंय आणि संपादकांना ते चालतंय. मला पटत नाही. दुसऱ्या आवाजाला काय म्हणावं?

चंद्रपूरकर: भुभुःकार काढूनच टाका. पहिला आवाज म्हणजे 'हुप्प'. खोल, ओळीने येणारा, बहुतेक उजाडताना. टोळीतला मोठा नर तो देतो आणि देतादेता फांद्या हलवत उड्या मारतो, म्हणून तो हुप्प्या. शेजारच्या टोळीला ते सांगणं असतं, वाघाशी त्याचा संबंध नाही. दुसरा आवाज घशातून खोकल्यासारखा खरखरीत येतो. एक 'खॅक', मग थांबून पुन्हा 'खॅक'. तेव्हा वानर कुठे बसलंय यापेक्षा ते कुठे बघतंय ते पाहायचं, कारण जनावर त्या नजरेच्या रोखाने असतं. नजर सरकली की जनावर चालतंय. चितळ खालून ओरडतं आणि बऱ्याचदा नुसत्या खसखशीला बिचकतं. वानर वरून बघून ओरडतं, म्हणून त्याच्यावर जास्त भरवसा. तरी गावकुत्र्यालाही ते खॅक करतं, एका हाकेवर काही ठरवू नये. आमच्याकडे सगळे याला 'कॉल' म्हणतात. तेच लिहा.

शब्दशोधक: मराठी पुस्तिकेत 'कॉल' कशाला? 'इशारत' हा चांगला, रुळलेला शब्द आहे.

प्राकृतप्रेमी: इशारत मुळात अरबी. परका शब्द नको म्हणून दुसरा परका घ्यायचा का? 'साद' घ्या: संस्कृतात 'शब्द', प्राकृतात 'सद्द', मराठीत 'साद'.

चंद्रपूरकर: साद घालतात ती बोलवायला. इथे वानर 'सावध, वर चढा' सांगतंय. अर्थच उलटा होतो.

सावंतवाडीकर: त्याआधी हे बघा, पुस्तिकेत 'माकड' कोणाला म्हटलंय? आमच्याकडे काळ्या तोंडाचं ते वानर आणि लाल तोंडाचं, डोक्यावर केसांचा भोवरा असलेलं ते केलडं. दोघांच्या खुणा वेगळ्या. केलड्याच्या गालांत पिशव्या असतात. फळं भराभर कोंबायची, मग फांदीवर बसून बिया थुंकायच्या. झाडाखाली गर चोखलेल्या बिया एका जागी पडलेल्या दिसल्या, तर आधी केलड्याचा विचार करावा. वानराला त्या पिशव्या नाहीत, त्याचं मुख्य खाणं पाला. त्याच्या झाडाखाली अर्धवट कुरतडलेली पानं, देठ आणि मोडलेल्या डहाळ्यांचा सडा पडतो. चिखलात हाताचा ठसा मिळाला तर अंगठा बघा: वानराची बोटं लांबसडक आणि अंगठा अगदी आखूड, केलड्याचा अंगठा ठळक. सगळ्यांना 'माकड' लिहिलंत तर वनरक्षक नोंद चुकीची करणार.

चंद्रपूरकर: इकडे बोलताना वानरालाच माकड म्हणतात, ते चूक कसं? ताडोब्यात केलडं नाहीच. तुमचं आणि आमचं वानरही सारखं नाही. गोदावरीच्या उत्तरेला चालताना शेपटीची कमान डोक्याकडे येते, दक्षिणेला ती मागे वळते. पुस्तिकेत हेही घाला.

प्राकृतप्रेमी: माकड हे मर्कट–मक्कड–माकड असं सरळ आलेलं. 'वा नर', म्हणजे 'हा नर की काय?', ही वानराची फोड मात्र मागाहून जुळवलेली. 'वन'शी असलेला संबंध जास्त पटतो.

शब्दशोधक: आणि केलडं केळीवरून. केळी खातं ते केळडं.

सावंतवाडीकर: उच्चारात 'ळ' नाही, 'ल' आहे. केळीचा 'ळ' आमच्या तोंडी कधी 'ल' होत नाही. ही व्युत्पत्ती मान्य नाही.

शब्दशोधक: घाटावर 'ळ' होता आणि खाली उतरताना बदलला असं का नसेल?

अनुवादक: 'खॅक'चं राहिलंच. 'धोक्याची हाक' लिहू का?

सावंतवाडीकर: लिहा, पण ती फक्त वानराची म्हणून नको. वानराची आणि सांबराची हाक केलडंही ओळखतं आणि ऐकल्याबरोबर झाडावर चढतं. सांबराच्या 'ढोंक'लाही तोच शब्द लागेल.

चंद्रपूरकर: सांबराचं 'पोंक' असतं, 'ढोंक' नाही.