रि: रि: शनिवारची कोजागिरी – शेगडीचं काय करायचं? (आजच उत्तर हवं)

मुग्धा (सचिव), गुरुवार, संध्याकाळी ५:४८

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय. वेदर सर्व्हिसच्या (अमेरिकेचं हवामान खातं) कोलोरॅडोतल्या बोल्डर ऑफिसने दुपारी शनिवारसाठी फायर वेदर वॉच, म्हणजे आग भडकेल अशा हवामानाची पूर्वसूचना, काढलाय. लगेच पार्कवाल्यांचा फोन. उद्या त्याचं रेड फ्लॅग वॉर्निंग (पक्का इशारा) झालं तर पॅव्हिलियनमध्ये उघडी ज्योत चालणार नाही. मी विचारलं, प्रोपेनची शेगडी धरून का? त्या बाई म्हणाल्या, विचारून सांगते. मग पाच वाजले आणि ऑफिस बंद.

शाळेचा कॅफेटेरिया अजून मोकळा आहे, पण उद्या दुपारी बाराच्या आत कळवायचंय. तिथलं स्वयंपाकघर आपल्याला मिळत नाही, फक्त टेबलं-खुर्च्या. तेव्हा प्रश्न एवढाच की दूध कुठे आटवायचं. तंबू किती आणि कोणाचे हा विषय मागच्या वर्षीसारखा इथे नको, प्लीज.

मुग्धा

—

अविनाश, गुरुवार, ६:१०

मुग्धा,

घाबरण्यासारखं काही नाही. आपल्याकडे सध्या आगीवरचे स्टेज १चे निर्बंध आहेत, मी काउंटीच्या पानावर आत्ताच वाचले. लाकूड आणि कोळसा बंद. चावीने बंद-चालू होणारी गॅसची शेगडी चालते, कँपिंगवाले जंगलातसुद्धा वापरतात. पार्कवाल्या बाईंना नियम माहीत नसावा. उद्या मी फोन करतो. शेगडी माझी आहे, पत्र्याचा आडोसाही आहे.

अविनाश

—

श्रीरंग, गुरुवार, ६:४१

सर्वांस नमस्कार,

मंडळ स्थापन झाल्यापासून कोजागिरी उघड्यावरच होत आली आहे. दुधात चंद्र दिसला पाहिजे, ट्यूबलाइट नव्हे. वाऱ्याचं म्हणाल तर इथे दुपारी सुटतं आणि सूर्य मावळला की पडतं. कार्यक्रम सातचा आहे. ऑक्टोबरात हवामान असंच असायचं. १९९७च्या २४-२५ ऑक्टोबरला डेन्व्हरात जवळजवळ २२ इंच बर्फ पडला होता, तेव्हाही आम्ही दिवाळीचा फराळ घरोघरी पोचवला होता. जुन्यांना आठवत असेल.

श्रीरंगकाका

—

हेमंत, गुरुवार, ७:३०

काका,

संध्याकाळी वारं पडतं हे खरं, पण एका प्रकारच्या वाऱ्यापुरतं. दुपारी जमीन तापते, हवा वरखाली घुसळते आणि वरचं जोराचं वारं खाली येतं. ऊन गेलं की ते थांबतं. शनिवारचं वारं डोंगरावरून उतरणारं आहे. पश्चिमेकडून आलेली हवा रॉकीजवर चढते, माथ्याच्या वर स्थिर हवेचा थर असला की तिला आणखी वर जाता येत नाही, आणि ती लाटेसारखी वळून अलीकडच्या उतारावरून खाली कोसळते. उतरताना दर हजार फुटांना साधारण साडेपाच अंश फॅरनहाइटने तापते आणि कोरडी होत जाते. त्या वाऱ्याला सूर्याशी काही देणंघेणं नाही. पुष्कळदा ते रात्री किंवा पहाटेच जास्त जोरात असतं.

शिवाय त्याचा पट्टा चिंचोळा असतो. बोल्डर-सुपीरियरला झाडं आडवी होत असताना डेन्व्हरच्या विमानतळावर झेंडासुद्धा हलत नाही. फोनवरचं 'डेन्व्हर' बघून 'वारं नाही' असं कोणी कळवू नका.

रेड फ्लॅगसाठी इथे आर्द्रता १५ टक्के किंवा कमी आणि झोत ताशी २५ मैल किंवा जास्त, हे सलग काही तास टिकावं लागतं. म्हणजे २५ मैल हा तळाचा आकडा. शनिवारसाठी आमच्या बाजूला ५०च्या पुढचे झोत दाखवतायत.

तंबूवर बोलायचं नाही असं मुग्धाने सांगितलंय, म्हणून एकच वाक्य: वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, २५ मैलांना दर चौरस फुटाला दीड पाउंडाच्या आसपास आणि ५०ला सहाच्या वर, तेव्हा पायांना बांधलेल्या वाळूच्या पिशव्यांवर विसंबू नका.

हेमंत

—

अविनाश, गुरुवार, ७:४४

हेमंत, तंबूचं कोणी विचारलंच नव्हतं. पॅव्हिलियनला पक्कं छप्पर आहे.

—

सुनीता, गुरुवार, ८:०५

अविनाश,

शेगडी तुझी असेल, दूध माझ्याकडे आहे. वीस गॅलन दूध, केशर, चारोळी सगळं आणून झालंय आणि फ्रिजमध्ये आता कोथिंबिरीलासुद्धा जागा नाही. पत्र्याच्या आडोशाचं कौतुक मला सांगू नकोस. मागल्या वर्षी त्याच आडोशाआड ज्योत एका बाजूला पळत होती आणि पातेलं एकीकडे लागलं होतं. जळका वास कोणाच्या वाट्याला आला ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि पाच हजार फुटांवर दूध लवकर उकळतं म्हणून लवकर आटतं असं कोणी समजू नये. पाणी इथे ९५ अंश सेल्सिअसलाच उकळतं, पण आटायचा वेळ काही वाचत नाही. दीड-दोन तास ज्योत चालू ठेवावी लागते. तेवढा वेळ वाऱ्यात शेगडीपाशी मी उभी राहणार नाही.

सुनीताकाकू

—

प्राजक्ता, गुरुवार, ९:२०

मी एरवी लिस्टवर लिहीत नाही. अविनाशदादा, स्टेज १मध्ये शेगडी चालते हे बरोबर आहे. पण स्टेज महिनाभर तसाच राहतो आणि रेड फ्लॅग त्या एका दिवसापुरता असतो. पार्कवाल्या बाई त्या दिवसाबद्दल बोलत असाव्यात.

आमचं घर सुपीरियरला सॅगमोरमध्ये होतं. ३० डिसेंबर २०२१ला मार्शलची आग लागली तेव्हा झोत ताशी १०० मैलांच्या वर गेले होते. एक हजाराहून जास्त इमारती गेल्या, बहुतेक घरंच. दोन माणसं गेली. ज्वाळा जंगलातून चालत येतात आणि आपल्याला दिसतात, अशी माझी कल्पना होती. तसं नव्हतं. आमच्याकडे निखारे उडत आले. ते लाकडी कुंपणाला लागले, आणि कुंपण एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत सलग होतं. घराभोवती शोभेसाठी टाकलेला लाकडाचा भुगाही पेटला.

त्या वर्षी वसंतात पाऊस चांगला झाला होता म्हणून गवत कमरेएवढं वाढलं, आणि मग उन्हाळ्यापासून जवळजवळ काहीच पडलं नाही. डेन्व्हरचा मोसमातला पहिला बर्फ १० डिसेंबरला पडला, इतका उशीर आधी कधीच नोंदला गेला नव्हता. आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी बर्फ सुरू झाला.

पार्कच्या पश्चिमेला कुंपणापलीकडे जे मोकळं माळरान आहे ते आत्ता तसंच वाळलेलं आहे. मी रोज तिथून चालत जाते. मला वाद घालायचा नाही. शेगडी लावणार असाल तर आम्ही येणार नाही, एवढंच.

एक काम मात्र सगळ्यांनी आजच करा. काउंटीच्या सूचनांसाठी आपापला मोबाईल नंबर नोंदवा. त्या दिवशी कितीतरी जणांना मेसेज आलाच नाही, कारण नंबर नोंदवलेला नव्हता. घरी आजी-आजोबा आले असतील तर त्यांच्या फोनचीही नोंद करा.

प्राजक्ता

—

अविनाश, गुरुवार, ९:५१

प्राजक्ता, तुमचं सगळं मान्य आहे. पण ती आग उघड्या माळावर लागली होती. आपण सिमेंटच्या फरशीवर एक बर्नर लावतोय, शेजारी पाण्याचा पाइप आहे आणि मी स्वतः उभा राहणार आहे. असं करत गेलो तर उद्या बाल्कनीत पणती लावायलाही परवानगी मागायची का?

—

विनय, गुरुवार, १०:३०

पणतीचं निघालंच आहे म्हणून. आमच्या अपार्टमेंटच्या करारात बाल्कनीत ज्योत नको असं लिहिलंय. गेल्या दिवाळीत बॅटरीच्या पणत्या आणल्या. आई म्हणाली, याला दिवाळी म्हणत नाहीत. पण त्या वाऱ्याने विझत नाहीत हे तिनेही कबूल केलं.

मूळ विषयावर: मी शनिवारी लायमनहून आय-सत्तरने येणार आहे. तिकडे मका काढून शेतं उघडी पडलीयेत. थंड हवेची आघाडी आली की धुळीची भिंतच पुढे सरकत येते आणि बोनेटसुद्धा दिसेनासं होतं. माणदेशात वाढलो, धूळ मला नवी नाही, पण ताशी ७५ मैलांच्या रस्त्यावरची धूळ वेगळी. धुळीत सापडलात तर रस्त्यावर अजिबात थांबू नका. पूर्ण बाहेर जाऊन गाडी लावा, दिवे बंद करा, हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवरून काढा. मागचे लाल दिवे दिसले की पुढे रस्ता आहे समजून मागचा थेट येऊन आदळतो.

—

श्रीरंग, गुरुवार, १०:४८

विनय, दिवे बंद कसे करायचे? आम्हाला ड्रायव्हिंग शिकवताना धुक्यात दिवे लावायलाच सांगितलं होतं.

—

विनय, गुरुवार, १०:५५

काका, चालत्या गाडीला दिवे हवेतच. बंद करायचे ते रस्त्याबाहेर जाऊन उभं राहिल्यावर.

—

ओंकार (ढोल पथक), शुक्रवार, सकाळी ७:१२

पथकाचं कोणी विचारात घेतलेलं दिसत नाही. ढोल-ताशांचा ट्रेलर वायोमिंगमधल्या शायेनहून येतोय. वेलिंग्टनच्या पुढे आय-२५वर वारं आडवं लागतं आणि रिकामे-हलके ट्रेलर तिथे उलटतात. वायोमिंगवाले आय-८०वर हलक्या आणि उंच गाड्यांना सरळ बंदीच करतात, तशी इकडे झाली तर आमची पाच माणसं आणि सगळी वाद्यं तिकडेच. कार्यक्रम आत असो की बाहेर, आम्ही शुक्रवारीच ट्रेलर आणून ठेवू. कोणाच्या ड्राइव्हवेत जागा आहे?

आणि शाळेत ढोल आत वाजवता येतील का? कॅफेटेरियाचं छत खाली आहे. शिवजयंतीला काय झालं होतं ते मुग्धाताईंना विचारा.

—

मुग्धा, शुक्रवार, ७:४०

ओंकार, ढोल आत नाही. शिवजयंतीवर मी बोलणार नाही.

—

हेमंत, शुक्रवार, ८:१५

वॉचचं आत्ताच रेड फ्लॅग वॉर्निंग झालंय. शनिवारी सकाळी ११ ते रात्री ९. त्याशिवाय वाऱ्याचा इशारा वेगळा.

शनिवारी मध्यरात्रीनंतर आघाडी येईल, रविवारी पारा चाळीसएक अंश फॅरनहाइटने खाली आणि बर्फाची शक्यता. इथे नवीन आलेल्यांना हे खोटं वाटतं. २०२०च्या ५ सप्टेंबरला डेन्व्हरात १०१ अंश फॅरनहाइट होते आणि ८ तारखेला बर्फ. त्याच ऑक्टोबरात ईस्ट ट्रबलसमची आग एका दिवसात एक लाख एकरांच्या पुढे पसरली आणि खंडाचा जलविभाजक (रॉकीजचा माथा) ओलांडून एस्टेस पार्कच्या बाजूला उतरली. मधे झाडं नसलेला उघड्या खडकाचा पट्टा होता. ठिणग्या त्यावरून उडून गेल्या. अविनाश, सिमेंटच्या फरशीबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

झाडांना अजून पानं आहेत. ओला बर्फ पानांवर बसला की फांद्या तुटतात आणि वीज जाते. वाऱ्यामुळे वीज कंपनी स्वतःहूनही लाइन बंद करू शकते, एप्रिल २०२४मध्ये केलं होतं. घरी दूध आटवणार असाल तर ज्यांच्याकडे विजेची शेगडी आहे त्यांनी शनिवारी दुपारची वाट बघू नये.

—

नितीन (खजिनदार), शुक्रवार, ८:३२

डिपॉझिटचं कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. पार्कचं परमिट आपण रद्द केलं तर पैसे जातात. त्यांनी हवामानामुळे रद्द केलं तर परत मिळतात किंवा दुसरी तारीख देतात. तेव्हा कृपया कोणीही उत्साहाने पार्कला 'आम्ही येत नाही' असा मेल पाठवू नये. आधी त्यांचं पत्र येऊ दे. मागे एकदा असं झालंय, नाव घेत नाही.

—

अविनाश, शुक्रवार, ८:५५

माझंच नाव आहे, घे की. तेव्हा गारा पडत होत्या.

पार्कला फोन केला. प्रोपेनही नाही. वॉर्निंग असेल त्या दिवशी त्यांच्या परमिटमध्ये कोणतीच ज्योत बसत नाही, काउंटीचा स्टेज काही असो. मी परमिटचं कलम दाखवा म्हटलं, त्यांनी मेलने पाठवलं. पान चार. आपल्याकडे हे परमिट कोणी वाचून सही केली होती?

—

मुग्धा, शुक्रवार, ९:०२

मी वाचून केली होती. कार्यकारिणीत तीन जणांना पाठवलंही होतं.

ठरलं ते असं. कार्यक्रम शाळेत, सात ते नऊ. पार्कचा रद्द केल्याचा मेल आला की नितीन परताव्याचं बघेल. ढोल पार्किंगमध्ये, वारं असेल तर नाही. चंद्र साडेसातच्या सुमारास पूर्वेला वर आलेला असेल. काकांनी आपली वाटी घेऊन बाहेर जाऊन बघावा, ट्यूबलाइट आड येणार नाही.

दुधाचं सुनीताकाकू सांगतील.

—

सुनीता, शुक्रवार, ९:२६

चार घरं हवीत, प्रत्येकी पाच गॅलन, आज रात्रीच आटवून फ्रिजमध्ये. उद्या पाचला गरम करून थर्मासच्या मोठ्या कँटरमध्ये. मंडळाच्या कपाटात दोन कँटर आहेत, तिसऱ्याची तोटी गळते. साखर मी मोजून देईन, आपापल्या हाताने घालू नये. माझं एक घर धरा. अविनाश, तुझ्या घरी गॅस आहे ना? मग दुसरं तुझं.

—

अविनाश, शुक्रवार, ९:३१

आहे. दूध कधी न्यायला येऊ?

—

ओंकार, शुक्रवार, ९:५०

ट्रेलरचं कोणी बोललंच नाही. ड्राइव्हवे सपाट हवा, उताराचा नको. रात्री आठच्या आत कळवा, आम्ही निघतोय.