काकूंचा चष्मा आणि दक्षिण तट

बी-२०४ काकू: नर्मदे हर मंडळी! आज रेंज मिळाली. परिक्रमेत ओंकारेश्वर सोडून चौथा दिवस, रावेरखेडीला मुक्कामाला आसन लावलंय. टायपिंग चुकलं तर चालवून घ्या. सकाळी स्वतःच्याच चष्म्यावर बसले. दांडी गेली, एक काच निखळली.

बी-२०३: अगंबाई! मग चालताय कशा?

बी-२०४ काकू: नर्मदामैया उजव्या हाताला ठेवायची, एवढंच तर बघायचं. लांबचं दिसतं गं, जवळचं अडतं. गोळ्यांची नावं सोबतच्या बाई वाचून देतात.

ए-३०१: काकू, मी शनिवारी गाडीने इंदूरला चाललोय. दुसरा चष्मा असेल तर आणतो. महेश्वरला भेटूया? मॅपवर तुमच्या वाटेवरच दिसतंय.

बी-२०४ काकू: अरे, महेश्वर उत्तर तटावर. मी दक्षिण तटावर.

ए-३०१: मग काय झालं, नावेने दहा मिनिटं.

बी-२०४ काकू: तेच तर नाही करायचं! मैया ओलांडली की परिक्रमा खंडित. आता पलीकडे जायचं ते थेट समुद्रातून, कठपोरहून नावेत बसून मिठीतलाईला. महेश्वरचा घाट नावडाटोडीतून समोर बघायचा, हात जोडायचे नि पुढे.

सी-१०२ काका: नावडाटोडी म्हणजे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी १९५०च्या दशकात खणलेली ताम्रपाषाणयुगीन वस्ती. वहिनी, टेकाडं बघून घ्या. आणि रावेरखेडीत आहात तर थोरल्या बाजीरावांच्या समाधीवर गेलात का? २८ एप्रिल १७४०, इथेच गेले.

बी-२०४ काकू: गेले ना भाऊजी, आसन लावायच्या आधी तिथेच. ऊन कलत होतं, तटबंदीच्या आत अगदी सामसूम. वय अवघं ३९! आमचा धाकटा चाळिशीला आला, अजून गाडीची किल्ली मी शोधून देते.

सेक्रेटरी: मध्येच बोलतो, माफ करा. उद्या टाकी धुणार आहेत, ९ ते १ पाणी बंद. कृपया भरून ठेवा.

ए-४०२: गेल्या वेळेसारखं ४ पर्यंत नको.

बी-२०३: काकू, दिवसभराचं सांगा ना. थंडी पडली का?

बी-२०४ काकू: पहाटे चांगलीच. दव इतकं की कपाशीतून जाताना साडी गुडघ्यापर्यंत भिजली. निमाडात वेचणी जोरात आहे. एका बाईने ओटीतला कापूस बाजूला सारून खालून दोन पेरू काढून दिले. कापसाची ऊब लागलेले पेरू, जन्मात खाल्ले नव्हते. मग बकावां लागलं. तिथे नदीतले दगड घासून शिवलिंगं करतात. मशीनवर पाणी सोडत घासतात, कारागीर पापण्यांपर्यंत पांढरे. ओला असतो तोवर दगडावरचा तांबूस पट्टा लखलखतो, वाळला की अगदी साधा. मला तर धूसरच दिसत होतं. एक पोरगा म्हणाला, हाथ से देखो माताजी. अंगठ्याएवढं एक घेतलं. वजन वाढवू नका म्हणून मुलीने बजावलंय, तिला कुणी सांगू नका.

बी-२०३: ती या ग्रुपवर आहे 😄

सी-१०२ काका: जेवणाचं काय?

बी-२०४ काकू: आश्रमात तयार मिळतं, नाहीतर सदाव्रत. पीठ-डाळ-मीठ देतात, आपलं आपण करायचं. काल टिक्कड केले. बाहेरून कोळसा, आतून कणीक. तसेच खाल्ले.

ए-३०१: काकू, सापडलं! मी धुळे-सेंधवा-ठिकरी असाच येणार. म्हणजे खलघाटचा पूल लागेपर्यंत मीही दक्षिण तटावरच. पुलाच्या अलीकडे भेटलो तर?

बी-२०४ काकू: हुशार आहेस! शनिवारी संध्याकाळी पोचते. पण ठिकरीच्या बाजूलाच थांब हं, बोलता बोलता पूल चढशील.

ए-३०१: आणि खायला काय आणू?

बी-२०४ काकू: काही नको. बरं, मेतकूट आण. थोडंसं.

बी-२०३: किल्ली माझ्याकडेच आहे, आत्ता जाऊन बघते.

बी-२०३: काकू, ड्रॉवरमध्ये तीन चष्मे आहेत. कोणता?

बी-२०४ काकू: लाल दोरीचा. काळा यांचा आहे, तो तिथेच राहू दे.