इटालियन डेली सँडविचच्या भाजलेल्या वड्या: तळ गिच्च राहतोय

कणीक_तिंबा:
पार्टीला २०-२२ माणसं आहेत आणि ट्रेमध्ये भाजून चौकोनी कापायची ती इटालियन सँडविचं करायची आहेत. खाली पिठाची पारी, त्यावर हॅम, सलामी, पेपरोनी, चीज, भाजलेली लाल ढोबळी मिरची, फेटलेली अंडी आणि वरून दुसरी पारी.

चाचणीच्या ट्रेचा हिशोब असा. ट्रे काचेचा, २३ बाय ३३ सेंमी. क्रेसेंट रोलच्या (चंद्रकोरीसारखे मऊ पाव) तयार पिठाचे २२६ ग्रॅमचे दोन डबे. तिन्ही मांसं प्रत्येकी ११५ ग्रॅम, ताजं मोझरेला २०० ग्रॅम, बरणीतल्या मिरच्या ३४० ग्रॅम, अंडी ४. ओव्हन १७५ अंश सेल्सिअस, मधला रॅक, ३५ मिनिटं. वरून मस्त तांबूस झालं, पण तळ गिच्च आणि पांढरा. वड्या पाडताना मधले थर घसरून बाहेर आले. पाच मिनिटं वाढवली तर वरचं करपायला लागतं.

तीन प्रश्न: तळ कसा भाजायचा? तयार पिठाऐवजी घरचं पीठ घ्यायचं तर किती? आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल?

खालचा_रॅक:
वेळ वाढवून हे सुटणार नाही. घोळ पाण्याचा आहे, आणि थोडा काचेचा.

ताज्या मोझरेलाच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. त्यात बरणीतून काढलेल्या मिरच्या आणि चार अंडी. दोन पाऱ्यांमध्ये कोंडलेल्या या पाण्याला वर जायला वाट नाही, म्हणून ते खाली झिरपतं. पीठ ओलं आहे तोवर त्याचं तापमान शंभराच्या पुढे सरकत नाही आणि शंभराच्या आत पिठाला रंग चढत नाही. वरची पारी मात्र सरळ गरम हवेत असते, ती वाळून तांबूस होऊन मोकळी. त्यातून काच तापायला वेळ लावते. साधा अॅल्युमिनियमचा ट्रे घ्या.

आता क्रम. ट्रेला बेकिंगचा कागद लावा, दोन्ही लांब बाजूंनी चार बोटं बाहेर लोंबू दे, नंतर उचलायला लागतो. खालची पारी पसरा, डब्यातलं पीठ असेल तर तुकडे सुटे करायला त्यावर पाडलेल्या तिरक्या रेघा चिमटून नीट बुजवा. कडा ट्रेच्या भिंतीवर एक सेंमी चढवा. काट्याने सगळीकडे टोचे मारा आणि सारण न भरता १९० अंशांवर सगळ्यात खालच्या रॅकवर ८ ते १० मिनिटं भाजा. कडांना जेमतेम रंग यावा, मधोमध बोट टेकवलं तर कोरडं लागावं. यापेक्षा जास्त भाजू नका, पुढे अजून पाऊण तास ती ओव्हनमध्ये असणार आहे.

मिरच्या चाळणीत निथळवून भागत नाही, कारण पाणी आतल्या बाजूला, बियांच्या पडद्यापाशी धरलेलं असतं. प्रत्येक मिरची उभी चिरून पुस्तकासारखी उघडा, किचन पेपरच्या दोन थरांत ठेवून वर पाटी ठेवा. दहा मिनिटांनी कागद बदला. दुसऱ्या कागदावर फक्त नारिंगी डाग उरले आणि कागद उचलताना फाटला नाही की झालं. ३४० ऐवजी २०० ग्रॅम मिरच्या पुष्कळ होतात.

ताजं मोझरेला काढून टाका. त्याऐवजी प्रोव्होलोने (कमी पाण्याचं इटालियन चीज) २०० ग्रॅम, पातळ काप. त्यातले निम्मे भाजलेल्या तळावर एकमेकांवर थोडे चढवून लावा, फट ठेवू नका. वितळलं की तो थर पाणी अडवतो. मग मांस, मग मिरच्या, मग उरलेलं मांस, शेवटी उरलेलं चीज. अंडी ३ पुरेत: ३० ग्रॅम किसलेलं पार्मेझान आणि भरपूर मिरपूड घालून फेटा, पाऊण भाग सारणावर ओता, उरलेलं वरच्या पारीला ब्रशने लावा. मीठ अजिबात नको.

१७५ अंश, खालून दुसरा रॅक. पहिली २५ मिनिटं वर फॉइल सैल झाकलेली, नंतर फॉइल काढून १५ ते २० मिनिटं. पंख्याचा ओव्हन असेल तर १५-२० अंश कमी. अंडं शिजायला सारणाचं तापमान मधोमध ७१ अंशांच्या वर गेलं पाहिजे, पण एवढ्यावर विसंबू नका. कागदाचं एक टोक उचलून तळ बघा, तो बिस्किटाच्या रंगाचा दिसायला हवा.

लाटणं_पोळपाट:
अंड्याबद्दल माझं मत वेगळं आहे. आत अंडं ओतायची गरजच नाही. प्रोव्होलोनेचे दोन थर असले आणि वडी वीस मिनिटं निवू दिली तर चीजच सगळं धरून ठेवतं. अंड्याने सारण ऑम्लेटकडे झुकतं आणि सँडविचची चव मागे पडते. अर्थात हे ज्याच्या त्याच्या आवडीचं.

घरच्या पिठाचं प्रमाण, एका ट्रेसाठी: मैदा २६५ ग्रॅम, कोमट दूध १५० मिली, मऊ लोणी ३५ ग्रॅम, साखर १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम. आठ-दहा मिनिटं मळा, दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवा, साधारण तास-सव्वातास. मग दोन गोळे: खालचा २५० ग्रॅम, वरचा उरलेला. जाडी ३ मिलीमीटरच्या आसपास येते. लाटताना पीठ मागे आकसत असेल तर ओढाताण करू नका, दहा मिनिटं झाकून सोडा आणि परत लाटा. ताणून बसवलेली पारी ओव्हनमध्ये भिंतीवरून खाली घसरते आणि कोपऱ्यातून चीज गळून कागदावर जळतं. वरच्या पारीला सात-आठ चिरा द्या, वाफेला वाट मिळते.

पफ पेस्ट्री कुणी सुचवेल. वरच्या पारीला ठीक आहे, खाली नको. वरच्या वजनाने तिचे पदर फुलतच नाहीत आणि लोण्याचा चिवट तळ तयार होतो.

थर घसरतात त्याला पाण्याशिवाय आणखी एक कारण आहे. सलामीचा आख्खा काप चावला तर तुटत नाही, दाताबरोबर पूर्ण बाहेर येतो आणि वरचं सगळं ओढून नेतो. डेलीवरून, म्हणजे मांस-चीज कापून देणाऱ्या दुकानातून, काप काढून घेताना शक्य तितके पातळ मागा, घरी मोठे काप चौथाई करा आणि सपाट न लावता थोडे चुरगाळून पसरा. पेपरोनीचं तेल बरंच सुटतं. ते काप तव्यावर मिनिटभर गरम करून मग किचन पेपरने टिपले तर वडी तेलकट होत नाही.

(जाता जाता: इटलीत ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची. तिखट लाल सलामीला ते नाव अमेरिकेतल्या इटालियन लोकांनी दिलं. इटालियन पाककृती वाचून यादी करत असाल तर तेवढं बघा.)

मांसात बदल करायचा तर हॅमच्या जागी मोर्तादेल्ला (मोठा इटालियन सॉसेज) छान, मऊ असतो आणि खारट कमी. कोपाही (डुकराच्या मानेचं खारवून वाळवलेलं मांस) चालेल. प्रोशुत्तो (खारवून वाळवलेला कच्चा हॅम) मात्र भाजू नका. पातळ काप आत वाळून दोऱ्यासारखे होतात आणि खारटपणा दुप्पट वाटतो.

कणीक_तिंबा:
दोघांचेही आभार. अंडं एका ट्रेत घालते, दुसऱ्यात नाही. चार जण मांस खात नाहीत आणि त्यातले दोघं अंडंही नाही. त्यांच्यासाठी त्याच ट्रेचा एक कोपरा वेगळा ठेवला तर?

खालचा_रॅक:
कोपरा नको. सलामीचं तेल वितळून तळावर पसरतं, त्याला हद्द कळत नाही. २० बाय २० चा वेगळा ट्रे करा, वर दिलेल्या घरच्या पिठाचं साधारण अर्धं प्रमाण लागतं.

सारणाला वांग्याचे आणि झुकिनीचे अर्धा सेंमी काप, मीठ लावून अर्धा तास, पुसून, थोडं तेल लावून २२० अंशांवर वीस मिनिटं भाजलेले. कच्चे घातलेत तर मोझरेला परवडलं म्हणायची वेळ येईल. सोबत तेलातले वाळवलेले टोमॅटो निथळवून, आर्टिचोक घट्ट पिळून, काळे ऑलिव्ह. वरून अंड्याऐवजी दूध लावा.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. अस्सल पार्मिज्यानो रेज्यानो वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणारा पदार्थ) करतात, तसा नियमच आहे. प्रोव्होलोनेतही बऱ्याचदा प्राणिज रेनेट असतं. शाकाहारी पाहुण्यांसाठी वेष्टनावर मायक्रोबियल किंवा व्हेजिटेबल रेनेट लिहिलेलं चीज शोधा.

निवू_द्या:
तिसरा प्रश्न राहिला, आदल्या दिवशीचा.

आदल्या रात्री मिरच्या कोरड्या करून डब्यात, चीज-मांस कापून, पीठ मळून फ्रिजमध्ये. रात्रभर ठेवणार असाल तर यीस्ट ३ ग्रॅम करा आणि लाटण्याआधी पाऊण तास बाहेर काढा. कच्चा ट्रे भरून मात्र रात्रभर ठेवू नका. वरची पारी कोरडी पडते आणि खालची ओल पिते, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

२२ जणांना एक ट्रे अपुरा. सहा बाय चार कापला तर २४ वड्या, प्रत्येकी साडेपाच सेंमीच्या जवळपास, दोन घासांत संपणाऱ्या. दुसरं खायला असेल तरी माणशी दोन धरा, म्हणजे दोन ट्रे. दोन्ही एकदम भाजताना फॉइल काढायच्या वेळी रॅकची अदलाबदल करा आणि पाचेक मिनिटं जास्त धरा.

ओव्हनमधून काढल्यावर पाच मिनिटं ट्रेमध्ये, मग कागदासकट उचलून जाळीवर. ट्रेमध्येच निवायला ठेवलं तर वाफ खाली अडकून भाजलेला तळ परत ओला होतो. जाळीवर १५ मिनिटं. त्याआधी सुरी लावली तर चीज वाहतं. सुरी दातेरी, वरची पारी करवतीसारखी कापायची, तिथून खाली सरळ दाबायची. दर दोन-तीन कापांनी पातं पुसा.

भाजल्यावर दोन तासांच्या आत संपवा, नाही तर फ्रिजमध्ये. तिथे तीन दिवस टिकतात. परत गरम करताना १६० अंश, झाकण न घालता, १० ते १२ मिनिटं, आतून चांगल्या वाफाळेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये पारी चामड्यासारखी होते.

लेट्यूस, ताजा टोमॅटो, व्हिनेगर-तेल-ओरेगॅनो हे सगळं आत भाजायचं नाही. व्हिनेगरमधल्या भाज्या, म्हणजे जार्दिनिएरा, बारीक चिरून, निथळवून शेजारी वाटीत ठेवा. इतक्या चीज-मांसाला काहीतरी आंबट लागतंच.

कणीक_तिंबा:
तळ आधी भाजल्यावर वरच्या पारीच्या कडा त्याला चिकटतील का? एक भाजलेली, एक कच्ची.

लाटणं_पोळपाट:
चिमटून चिकटणार नाहीत. भाजलेल्या कडेला आतून अंडं किंवा दूध लावा, वरची पारी कडेच्या आतल्या बाजूला बोटाने खोचून बसवा, चादर गादीखाली खोचतात तशी. बाहेरून लोंबती ठेवलीत तर ती आधी करपेल.